वतनातून वेतनाकडे : किमान वेतनाचा इतिहास आणि आपण

विहाराच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेत धम्मावर, परमपूज्य बाबासाहेबांच्या चळवळीवर आणि विहाराच्या उभारणीवर लेख असतात. ते असायलाच हवेत. परंतु ज्या पगारातून आपल्या माणसांनी विहाराची वर्गणी दिली, त्या पगाराचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे. आम्ही काही अर्थशास्त्राचे प्राध्यापक नव्हेत. गिरणीत पाळी करून, युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयात बसून जे वाचले, जे समजले, ते समाजबांधवांपुढे ठेवीत आहोत.

वस्तीत एखाद्या पोराला काम लागले की पहिला प्रश्न येतो, "पगार किती?" प्रश्न बरोबरच आहे. पण त्याच्या मागोमाग आणखी तीन प्रश्न विचारायला हवेत. काम किती तासांचे? आजारी पडला तर पगार कापतात का? आणि मालक वंगाळ निघाला तर दुसरीकडे जाता येईल, की तिथेच मान खाली घालून राहावे लागेल? किमान वेतन म्हणजे नुसता रुपयांचा आकडा, असे पुष्कळांना वाटते. इतिहास पाहिला तर दिसते की त्या आकड्यामागे "हे काम मला नको" असे म्हणण्याची ताकद आहे. ही ताकद आपल्या बापजाद्यांजवळ नव्हती. ती कशी आली, कुठे अडली आणि आज कुठून गळते आहे, हे पाहू.

वतन : दर नसलेली चाकरी

महारकी हे वतन होते आणि वतन म्हणजे मान, असे गावगाड्यात सांगत. प्रत्यक्षात काय होते? सरकारी टपाल आणि खजिना पोचवणे, अंमलदाराच्या पुढे धावणे, रात्रीची राखण करणे, मेलेले ढोर ओढणे, मयताची खबर गावोगाव नेणे. हाकेला वेळकाळ नाही. कर्ता पुरुष घरी नसला तर म्हाताऱ्या बापाने जायचे, तो नसला तर बायकोने जायचे. मोबदला काय, तर वतनाचा जमिनीचा तुकडा, त्यावर पुन्हा सरकारात जुडी भरायची, खळ्यावरचे बलुते, आणि दारोदार मागून आणलेली भाकरी. बलुते किती मिळेल ते देणाऱ्याच्या मर्जीवर. तोंड वर करून बोलले की बलुते बंद.

या चाकरीत तीन गोष्टी नव्हत्या. कामाला तास नव्हते, मोबदल्याला ठरलेला दर नव्हता आणि सोडून जायची वाट नव्हती. जमिनीचा तुकडा आणि बलुत्याची आशा माणसाला गावाला बांधून ठेवी. बलुत्याचे धान्य घेऊन दुसऱ्या गावी संसार मांडता येत नाही. म्हणूनच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. सरकारला माणूस हवा तर सरकारने त्याला रोख आणि नेमका पगार द्यावा, आणि ज्याला वतनातून मोकळे व्हायचे त्याला मोकळे होऊ द्यावे, हा त्याचा गाभा होता. ते विधेयक तडीस गेले नाही. डिसेंबर १९३९ मध्ये हरेगावला वतनदारांची परिषद भरली, तिथेही हेच गाऱ्हाणे होते. शेवटी मुंबई राज्याच्या १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ गाववतने रद्द झाली आणि त्याची अंमलबजावणी १९५९ पासून सुरू झाली. म्हणजे नागपूरची धम्मदीक्षा १९५६ साली झाली, तरी सरकारी दप्तरात वतन आणखी जवळजवळ तीन वर्षे जिवंत होते.

गिरणी : रोख पगार आला, पण जिना बंद

मुंबईत १८५४ साली कावसजी दावर यांनी पहिली कापड गिरणी काढली. नागपुरात १८७७ साली टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. गोदी, रेल्वे, खडकीचा दारूगोळा कारखाना ही कामे निघाली. कोकणातून, घाटावरून, वऱ्हाडातून आपली माणसे या कामांवर आली. महिन्याच्या महिन्याला हातात नाणे पडू लागले. आज त्याचे काही वाटत नाही, पण बलुत्यावर जगलेल्या माणसाला ती मोठी क्रांती होती. नाण्याला गाव नसते. ते मुंबईत चालते तसे नागपुरातही चालते. त्या नाण्यातून गावी मनिऑर्डर गेली, पोर शाळेत गेले, आणि गावच्या पाटलाला "आता येणार नाही" असे सांगता आले.

परंतु गिरणीतही वाट सरळ नव्हती. पहिला अडसर जॉबरचा. कामावर घेणारा तो, काढणारा तो. लागायचे तर चिरीमिरी द्या, टिकायचे तर पुन्हा द्या. बदली कामगार पहाटे गेटवर उभा राहायचा. कायम माणसाचा खाडा पडला तर याला दिवस मिळायचा, नाही तर घरी परत. असा माणूस पगाराची तक्रार कुठे करणार? आम्ही स्वतः गिरणीत बदली म्हणूनच लागलो. आज काम मिळेल की नाही हे ज्याला पहाटे गेटवर कळते, तो साहेबाने सांगितलेले कोणतेही काम करतो, हे आम्ही अंगाने अनुभवले आहे.

दुसरा अडसर जातीचा. साचेखात्यात, म्हणजे विणाई खात्यात, पगार बराच जास्त. पण तिथे अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. कारण काय सांगत? कांडी संपली की नव्या कांडीचे सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेल्या धोट्याला आम्ही तोंड लावणार नाही, असे सवर्ण कामगार म्हणत. म्हणून आपली माणसे रिंग खात्यात आणि कमी पगाराच्या इतर कामांवर. हात सारखे, कसब शिकायची तयारी सारखी, तरी वरचा पगार नाही. १९२८ सालचा गिरण्यांचा मोठा संप सुमारे सहा महिने चालला. त्या वेळी बाबासाहेबांनी साचेखाते अस्पृश्यांना खुले करण्याची मागणी लावून धरली. कामगार पुढाऱ्यांनी ती मागण्यांच्या यादीत घेतली, पण नाखुशीने घेतली.

पुढे फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे बाबासाहेबांचे प्रसिद्ध म्हणणे त्याच परिषदेतले. तिथे त्यांनी रेल्वेतील अवस्था सांगितली. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच म्हातारा होतो. साधी पोर्टरची जागाही त्याला मिळत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरी वरकाम करावे लागे आणि तिथे अस्पृश्य चालत नसे.

ही गोष्ट आम्ही मुद्दाम विस्ताराने सांगतो. पगाराचा किमान दर ठरवला म्हणजे सगळे झाले, असे नाही. किमान दर म्हणजे पायाखालची फरशी. फरशी पक्की असेल तर माणूस खाली कोसळत नाही. पण वर चढायला जिना लागतो, आणि जिन्याच्या दाराला कुलूप असेल तर चांगल्या फरशीवरसुद्धा माणूस जन्मभर तिथेच उभा राहतो. बाबासाहेबांनी फरशी आणि जिना दोन्हींसाठी लढा दिला, हे त्यांच्या कामगार चळवळीचे वेगळेपण आहे.

काम नाकारण्याचा हक्क

१९३६ साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३८ साली मुंबई सरकारने औद्योगिक तंट्यांचे विधेयक आणले; त्यात काही प्रकारचे संप गुन्हा ठरणार होते. त्याविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संप झाला आणि त्यात स्वतंत्र मजूर पक्ष व कम्युनिस्ट एकत्र आले. कायदेमंडळात बाबासाहेबांनी मांडलेला मुद्दा सोपा आणि खोल होता. नोकरी हा करार आहे. करार मोडला तर फार तर नुकसानभरपाई मागा. पण माणसाने काम करायचे नाकारले म्हणून त्याला तुरुंगात घालणार असाल, तर तुम्ही त्याला गुलाम करता. वतनाविरुद्ध दहा वर्षे आधी ते जे बोलले तेच हे. ज्याला काम सोडता येत नाही तो गुलाम, मग त्याला वतनदार म्हणा की कामगार म्हणा.

किमान वेतनाचे विधेयक

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री झाले. वेतनाचा किमान दर कायद्याने ठरवावा, याची चर्चा १९४३ पासून सरकार, मालक आणि कामगार अशा तिघांच्या बैठकांत सुरू झाली. ११ एप्रिल १९४६ रोजी त्यांनी केंद्रीय कायदेमंडळात किमान वेतनाचे विधेयक मांडले. त्याच वर्षी कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती झाली, तीही त्यांच्याच खात्याची. पुढे ते मंडळ बरखास्त झाले. विधेयक पुढच्या सरकारात बाबू जगजीवनराम मजूर मंत्री असताना मंजूर झाले आणि १५ मार्च १९४८ रोजी त्याचा कायदा झाला.

या कायद्याला एक परिशिष्ट होते. ते नीट वाचावे असे आहे. त्यात विडी, भातगिरण्या व तेलगिरण्या, दगड फोडणे, रस्ते व इमारतींचे बांधकाम, चामड्याचे काम, नगरपालिकांसारख्या स्थानिक संस्थांची कामे आणि दुसऱ्या भागात शेतमजुरी असे धंदे होते. ही यादी आपल्या वस्तीतल्या कोणत्याही आजी-आजोबांच्या कामांची यादी आहे. जिथे युनियन नाही, जिथे माणूस बदलून दुसरा सहज मिळतो, अशा धंद्यांसाठी हा कायदा होता. कापड गिरण्यांना तो लागला नाही. गिरण्यांत युनियन होती, कोर्ट होते. मुंबईच्या गिरण्यांत १९४७ साली औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्याने २६ दिवसांचा किमान मूळ पगार ३० रुपये ठरला आणि महागाई भत्ता निराळा.

दुसरी गोष्ट अशी की या कायद्यात नुसता दर नव्हता. आठवड्याची सुट्टी होती, जादा कामाला दुप्पट दर होता, मालकाने हजेरी-पगाराची वही ठेवायची होती. "मला कमी पगार मान्य आहे" असे कामगाराकडून लिहून घेतले तरी ते लिखाण रद्दबातल होते. म्हणजे बलुत्यात ज्या गोष्टी नव्हत्या, तास, दर आणि नोंद, त्या एकेक करून या कायद्याने आणल्या. कामाचा दर्जा म्हणतात तो हाच.

आपल्याला यात नवल वाटायला नको. दीघ निकायातील सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी मालकाची चाकरांविषयी पाच कर्तव्ये सांगितली आहेत. ताकद पाहून काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, गोडधोड वाटून खावे आणि वेळच्या वेळी सुट्टी द्यावी. यात वेतन हे पाचांतील एक आहे. उरलेली चार कामाच्या दर्जाची आहेत.

किमान म्हणजे किती, हेही पुढे ठरत गेले. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने कमावता माणूस धरून कुटुंबाचे तीन घटक धरले, माणशी २,७०० उष्मांकांचे अन्न, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे आणि इंधन-दिवाबत्ती वगैरेला वेगळा वाटा धरला. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकॉस ब्रेट कंपनीच्या खटल्यात त्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणसमारंभ, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के धरायला सांगितले. म्हणजे पोराची फी हा किमान वेतनाचाच भाग आहे. ती मालकाची मेहेरबानी नव्हे.

मजुरी वाढली की काम जाते काय?

मालक लोक आणि काही पंडित नेहमी म्हणतात, दर वाढवाल तर काम कमी होईल आणि गरिबालाच फटका बसेल. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचा विचार दाखल्यांवरून करू.

पहिला दाखला अमेरिकेचा. १९९२ साली न्यू जर्सी राज्याने किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केले. शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने वाढवले नाही. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी दोन्हीकडची मिळून ४१० झटपट खाण्याची दुकाने तपासली. दर वाढले तिथे नोकऱ्या घटल्याचे त्यांना आढळले नाही. कार्ड यांना पुढे २०२१ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. यावर पंडितांत वाद झाले, पण त्याचे एक कारण आपल्याला वाचल्याशिवाय कळते. ज्या मजुराला दुसरीकडे जाता येत नाही, त्याला मालक परवडत असूनही कमी देतो. गावात एकच मोठा बागाईतदार असला की काय होते ते आपण पाहिलेले आहे. अशा ठिकाणी कायद्याने दर वाढला तर मालकाचा नफा थोडा कमी होतो, काम जात नाही.

दुसरा दाखला घरचा. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडायला गेली. आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्या बाया अजून ते दिवस सांगतात. त्यातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना वाढली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. तिचा पैसा उभा करायला १९७५ चा व्यवसाय कर लागला. आमच्या पगारपत्रकातून दर महिन्याला ती कपात होई, आणि त्यातून गावाकडे आमच्याच भावाबहिणींना काम मिळे. तिथे दर कामाच्या मापावर, म्हणून बाईला आणि बुवाला एकच दर. जवळपास हमीचे काम चालू असले की शेतमालकाला मजुरी वाढवून द्यावी लागे, कारण बाया म्हणत, "नाही परवडत तर आम्ही हमीवर जातो." जिला एवढे म्हणता येते, तिच्याशी मालक नीट बोलतो.

१९८८ साली शेतमजुरीचे किमान दर सुमारे दुप्पट झाले आणि त्याबरोबर हमीच्या कामाचे दरही वाढले. त्यानंतर हमीवरची हजेरी घटली. लोकांना काम नको झाले होते असे नव्हे. दर वाढल्यावर सरकारने कामे काढताना हात आखडता घेतला, असे अभ्यासकांनी दाखवले. हा धडा कडू आहे, पण तो आपण गिळला पाहिजे. नुसता दर वाढवून भागत नाही. त्या दराने काम मिळण्याची हमीही पक्की लागते. नाही तर ज्याला काम मिळाले तो तरतो आणि ज्याला नाही मिळाले तो पुन्हा मुकादमाच्या दारात उभा राहतो.

फरशीला भोक पडले की

तिसरा दाखला गिरण्यांचा. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. त्याच्या आधीपासूनच कापड विणण्याचे काम खाडीपलीकडे भिवंडीला, तसेच मालेगाव-इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे वळू लागले होते. संपात ते जोराने वळले. गिरणीत आठ तासांची पाळी, महागाई भत्ता, फंड, ग्रॅच्युइटी. मागावर बारा तासांची पाळी आणि वाराप्रमाणे पैसे. कापड तेच. ग्राहकाला फरक कळला नाही, पण कामगाराचे आयुष्य बदलले.

गिरण्या बुडण्याला एकट्या पगाराचे कारण नव्हते. जुनी यंत्रे मालकांनी बदलली नाहीत, यंत्रमागांना करात सवलती होत्या, आणि १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट मोकळी केल्यावर कापडापेक्षा जमीन महाग झाली. तरी एवढे खरे की फरशी एका खोलीत घातली आणि शेजारची खोली उघडी ठेवली, तर पाणी तिकडे वाहून जाते. काम तसेच वाहून गेले. कामगारानेही मग तीच वाट धरली. गिरणीतून सुटलेला माणूस वॉचमन झाला, गाडी लावून भाजी विकू लागला. जागा बदलली, धंदा बदलला, पण ही काही प्रगती नव्हती. स्वतःहून चांगल्या कामाकडे जाणे वेगळे आणि ढकलले जाणे वेगळे.

याच महाराष्ट्रात उलट दाखलाही आहे, तो माथाडींचा. हमाल आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर. त्याचा मालक कोण हेच ठरत नसे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यातून १९६९ सालचा माथाडी कायदा झाला. व्यापाऱ्याने मजुरी आणि वरची लेव्ही माथाडी मंडळात भरायची. मंडळ कामगाराला पगार देणार, फंड, रजा, ग्रॅच्युइटी, दवाखाना पाहणार. कामगार दहा ठिकाणी फिरला तरी त्याचा हक्क त्याच्या मागे फिरतो. डोक्यावरचे ओझे तेच राहिले, पण काम सन्मानाचे झाले. काम बदलत राहणाऱ्या माणसाला फरशीही मिळू शकते, हे या कायद्याने सिद्ध केले.

पोटाची सक्ती हीसुद्धा सक्तीच

१९८२ सालच्याच आशियाई खेळांसाठी दिल्लीत जी बांधकामे चालली होती, तिथल्या मजुरांना किमान वेतन मिळत नव्हते. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या २३ व्या कलमाचा अर्थ सांगितला. या कलमाने वेठबिगारीला बंदी आहे. न्यायालय म्हणाले की भुकेपोटी माणूस किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबायला तयार झाला, तर तीही सक्तीची मजुरीच होय. बाबासाहेबांनी ज्या वेठीविरुद्ध १९२८ साली आवाज उठवला, त्याच वेठीची व्याख्या घटनेच्या आधाराने आणखी रुंद झाली. चाबूक हातात नसला तरी भूक चाबकाचे काम करते, हे कोर्टाने मान्य केले.

आजची वेठ आणि आजचा कायदा

आता आपल्या वस्तीकडे पाहू. आपली मुलेमुली कंत्राटी साफसफाईत आहेत, सिक्युरिटीत आहेत, मॉलमध्ये आहेत, मोटारसायकलवर पार्सल पोचवीत आहेत. मुंबई महानगरपालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयातून २०१७ साली मिळाला, तोही वर्षानुवर्षे लढल्यावर. तोच झाडू, तीच गल्ली, पण कायम माणसाचा पगार एक आणि कंत्राटी माणसाचा दुसरा, हा अन्याय तोवर चालू होता. लहानमोठ्या कंत्राटदारांकडे आजही एक खेळ चालतो. बँकेत पूर्ण पगार जमा होतो आणि दुसऱ्या दिवशी त्यातले काही हजार रोख परत मागतात. न दिल्यास पुढच्या महिन्यात काम नाही. पूर्वी जॉबर घ्यायचा, आता सुपरवायझर घेतो.

१९४८ चा कायदा आता स्वतंत्र राहिलेला नाही. २०१९ च्या वेतन संहितेत तो सामावला गेला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात काही गोष्टी कामगाराच्या फायद्याच्या आहेत. परिशिष्टातल्या ठराविक धंद्यांपुरते असलेले किमान वेतन आता सर्व नोकऱ्यांना आहे. केंद्राने ठरवलेल्या तळाच्या दराखाली राज्याला जाता येत नाही. पगारपत्रक द्यावेच लागते. कमी दिलेल्या पगाराचा दावा पूर्वी सहा महिन्यांत करावा लागे, तो आता तीन वर्षांत करता येतो. आणि पगार दिला हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे. पण पार्सलवाल्या पोराला कंपनी नोकरच मानत नाही, भागीदार म्हणते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगारांची दखल घेतली, तरी किमान वेतन त्यांच्यापर्यंत पोचलेले नाही. खेपेवर पैसे, पेट्रोल त्याचे, गाडी त्याची, पडला तर दुखणे त्याचे. आजचे भोक ते हेच आहे, आणि सगळे काम त्याच दिशेने वाहते आहे.

म्हणून तरुण बंधू-भगिनींना आमचे सांगणे आहे. पगारपत्रक मागून घ्या आणि जपून ठेवा. हजेरी आणि जादा तास स्वतःच्या वहीत रोज लिहा. कोर्टात ती वही बोलते. आपल्या धंद्याचा किमान दर आणि विशेष भत्ता किती, हे कामगार आयुक्तांच्या कार्यालयातून माहीत करून घ्या. महाराष्ट्रात हा भत्ता महागाईप्रमाणे दर सहा महिन्यांनी बदलत आला आहे. फंडाचा यूएएन नंबर पाठ असू द्या, म्हणजे नोकरी बदलली तरी फंड बुडत नाही. परत मागितलेला पगार एकट्याने नाकारणे कठीण असते, दहाजणांनी मिळून नाकारणे सोपे असते. आणि फरशीवर समाधान मानून बसू नका. आयटीआय करा, रात्रीचा कोर्स करा, वरच्या जागेची परीक्षा द्या. साचेखात्याचे कुलूप बाबासाहेबांनी हलवले ते आपण दारातच उभे राहावे म्हणून नव्हे.

विहाराच्या कार्यकारिणीलाही एक सूचना. महिन्यातल्या एका रविवारी वंदनेनंतर तासभर पगारपत्रक वाचण्याचा वर्ग घ्यावा. ज्यांना आकडे कळतात त्यांनी इतरांना समजावून सांगावे, आणि ज्यांच्या पगारात खोट निघेल त्यांचा अर्ज तिथेच लिहून द्यावा. आमच्याने होईल तेवढी मदत आम्ही करू. येत्या वर्धापन दिनापर्यंत अशा दहा घरांचा बुडालेला पगार जरी परत आला, तरी पुढच्या स्मरणिकेत लिहिण्यासारखे काही झाले म्हणता येईल.

जय भीम!